पाय जड टाकले तो दिवस

सरूबाई औताडेचं नाव कुठल्याही पुस्तकावर छापलेलं नाही. पण तुमच्या घरात माळ्यावर एखादी शाळेची स्मरणिका पडलेली असेल, किंवा कुणा निवृत्त मामलेदारानं पदरमोड करून काढलेला कवितासंग्रह असेल, आणि त्यातलं एकही पान मागंपुढं झालेलं नसेल, तर कवीचं राहू द्या, आधी सरूबाईचे आभार माना. कविता कशाही असोत, पानं क्रमानं होती. ब्याण्णव सालापासून बावीस वर्षं या शहरातली पुष्कळ पानं तिनं क्रमानं लावली.

छापखाना खोकडपुऱ्यात होता, तात्यासाहेबांचा. पुढच्या दालनात छपाई आणि घडी घालायचं जुनं मशीन, मागच्या खोलीत बाइंडिंग. मागच्या खोलीत बारा फुटी सागवानी टेबल होतं आणि त्या टेबलाभोवती चार बायका फिरायच्या. फिरायच्या म्हणजे खरोखरच फिरायच्या. मोठा कागद छापून त्याची घडी घातली की सोळा पानांचा फर्मा होतो. एका पुस्तकाचे असे दहा-पंधरा फर्मे. त्यांचे ढीग टेबलाच्या कडेनं क्रमानं मांडायचे आणि ओळीनं चालत प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलून डाव्या हातावर घ्यायचा. एक फेरी पुरी झाली की हातावर एक पुस्तक. ते ठेवायचं, पुढची फेरी. याला जुळणी म्हणतात. लिहायला मला चार ओळी लागल्या, करायला त्या बायकांची उमर गेली.

फेरीत पहिली सरूबाई. तिच्या मागं पारूबाई, मग गोजरबाई, शेवटी आशाबाई. सरूबाई सातवी शिकलेली, पानांचे आकडे तिला नजरेनंच कळायचे, म्हणून ती पुढं. पहिलीचा हात चुकला तर मागच्या तिघींचाही चुकणार. आणि एक नियम होता, जो कुणी लिहून ठेवला नव्हता पण चौघी पाळायच्या: पुढचीला ओलांडून जायचं नाही. ओलांडलं की हात अडकतात, एखादा ढीग सुटतो, आणि पुस्तकात सोळा पानांचं भगदाड पडतं. त्यामुळं पहिलीची चाल तीच सगळ्यांची चाल.

फिरताना तोंडाला सुट्टी नव्हती. सरूबाई समोर बघत बोलायची आणि पारूबाई तिच्या पाठीला उत्तर द्यायची. सुनांच्या कागाळ्या, नळाला पाणी कधी येणार, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, सगळं असं पाठमोरं. पारूबाईचा चेहरा सरूबाईला जेवणाच्या सुट्टीतच दिसायचा; एरवी दिवसभर ती मानेमागचा एक आवाज होती. पण तो आवाज सरूबाईला नवऱ्याच्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता.

नवऱ्याचं काय झालं तेही सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा वाट बघत बसेल. ब्याण्णवच्या टंचाईत गावोगाव बोअरच्या गाड्या फिरत होत्या. मद्रासकडच्या एका गाडीवर तो मदतनीस म्हणून चढला. चार महिन्यांत येतो म्हणाला. सुरुवातीला दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. कुणी म्हणालं कर्नाटकात दिसला, कुणी म्हणालं तिकडं दुसरा संसार थाटला. सरूबाईनं तीन वर्षं वाट पाहिली, मग वाट बघणं सोडलं, कुंकू मात्र सोडलं नाही. पदरी एक मुलगी होती, दीपमाला. तिला वाढवली, शिकवली, नाशकात दिली. मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनाजवळ पत्र्याची एक खोली होती, ती स्वतःपुरती राहिली. दीपमाला रविवारी फोन करायची. बाकीचे सहा दिवस पारूबाईचे होते.

तात्यासाहेबांच्या काळात कामं मोठी असायची. तीन हजार प्रती, पाच हजार प्रती. मग हे तेव्हाचं औरंगाबाद चहूबाजूंनी सुटलं. पुंडलिकनगरच्या पुढं शेतं होती तिथं सोसायट्या आल्या, गल्लोगल्ली शिकवण्या आल्या. कामं वाढली पण प्रती कमी झाल्या. सोसायटीचा अहवाल, प्रती दोनशे. शिकवणीच्या नोट्स, प्रती अडीचशे. त्यात दुष्काळाची भर. पाणी नसलं की लग्नं पुढं ढकलली जातात, पत्रिका बंद होतात. पण सरकारी कचेऱ्यांतून टंचाईचे अहवाल निघायला लागतात. साठ प्रती आणि संध्याकाळपर्यंत पाहिजेत. पाण्याचा थेंब नव्हता तेव्हा पाण्यावरची पुस्तकं सरूबाईनं ढिगानं बांधली. पारूबाई म्हणायची, "एवढे कागद पाण्यात भिजवायचं म्हणलं तर तेवढं पाणी नाय."

अशी फुटकळ कामं छापखान्याला पेलत नव्हती. ढीग मांडायचे, खळ शिजवायची, कटिंगच्या सुऱ्याचं माप बदलायचं. पुस्तकं साठ असोत की सहाशे, ही तयारी तेवढीच. तात्यासाहेब थकले होते. त्यांचा मुलगा विश्वजीत पुण्याहून छपाईचं शिक्षण घेऊन आला होता. मुलगा सालस. लहानपणी याच टेबलाखाली झोपलेला, त्यामुळं चौघींना मावशी म्हणायचा. तेरा सालच्या उन्हाळ्यात एक दिवस तो बाइंडिंगच्या खोलीत आला आणि म्हणाला, "मावशी, उद्या मी इथं बसणार आहे. कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते लिहून घेतो. तुम्ही माझ्याकडं लक्ष देऊ नका."

लक्ष देऊ नका म्हटल्यावर कोण देत नाही? त्या संध्याकाळी चौघी हाताची खळ धूत होत्या. टंचाईमुळं एकाच तांब्यात चौघींनी हात धुवायचे असा दंडक होता. सरूबाई आवाज खाली करून म्हणाली, "उद्या पाय जड टाकायचे."

"माझे तसेच जड हायेत," गोजरबाई म्हणाली. आशाबाई हसली.

पारूबाई हसली नाही. "कामून गं? आपल्या चालीनं चालावं की."

"तुला काय कळतं? घड्याळ घेऊन बसू राहिला म्हंजी शेकड्याचा दर ठरवायचाय. मागं तात्यासाहेबांनी असंच घड्याळ लावलं होतं, आठवतं का? तवा आपण दमानं घेतलं म्हणून दर वाढला. झपाट्यानं केलं असतं तर म्हणले असते, एवढ्यात होतंय तर पैसे कशाचे?"

हे खरंच होतं. दर शेकड्यावर असायचा आणि घड्याळ निघालं की हात आखडायचा, ही या बायकांची वर्षानुवर्षांची अक्कल होती. तिला लबाडी म्हणायचं तर म्हणा. मालकाला घड्याळ असतं, बाईला एवढंच असतं.

दुसऱ्या दिवशी विश्वजीत खुर्ची टाकून बसला. काम तीनशे प्रतींचं. एरवी असलं काम चौघी सकाळी नऊला धरून चार-साडेचारपर्यंत हातावेगळं करायच्या: जुळणी, टाके, खळ, मुखपृष्ठ. त्या दिवशी सरूबाईनं अशी चाल धरली की जणू हातावर फर्मा नाही, काठोकाठ भरलेली घागर आहे. प्रत्येक ढिगापाशी थांबून आकडा बघायची. फर्मा उचलून ठोकून सरळ करायची. मागून पारूबाईचा अंगठा तिच्या टाचेला लागला. थोड्या वेळानं पुन्हा लागला. सरूबाई मान न वळवता पुटपुटली, "दम धर." त्यानंतर अंगठा लागला नाही.

दुपारी तात्यासाहेब काठी टेकत दारात आले. क्षणभर बायकांच्या पायांकडं बघत राहिले, खोकले आणि निघून गेले. काम दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. विश्वजीतनं सगळं लिहून घेतलं. घरी जाताना सरूबाई खुशीत होती. ढिगांवरची नजर, पायांची चाल, सगळ्यांत तीच पुढं आणि तिघी तिच्या शब्दावर. आयुष्यात तिचं ऐकणारं माणूस एकही नव्हतं, टेबलाशी मात्र तीन होती.

दर वाढला नाही. चौदा सालच्या फेब्रुवारीत एक ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला आणि त्यातून दोन मशिनं उतरली. एक कपाटासारखं उभं. त्याच्या खणाखणांत फर्मे भरून ठेवायचे, आणि ते खटाखट एकेक ओढून आपलं आपण पुस्तक जुळवायचं. दुसरं बाइंडिंगचं. काचेवर बोटानं आकडे दाबले की पुस्तकाच्या जाडीप्रमाणं त्याचे जबडे आपोआप सरकायचे. माप घ्या, पेच ढिला करा, पुन्हा आवळा, काही नाही. काल केलेलं काम परवा पुन्हा आलं तर मशीनला ते पाठ असायचं. खळसुद्धा नको, साबुदाण्यासारखे डिंकाचे दाणे तापवून लावायचे. सकाळी डिंक एकदा तापला की साठ प्रती असोत की तीनशे, तयारीला पाच मिनिटं. मी मशीनची निंदा करणार नाही. ज्यानं ते बनवलं त्याला छापखान्याचं दुखणं नेमकं कळलेलं होतं.

विश्वजीतनं चौघींना बसवून सांगितलं. एकीला ठेवता येईल, वाचता येणारीला. बाकीच्यांना साडी-चोळी आणि हातात काही महिन्यांचं. गोजरबाई वाळूजला लेकाकडं गेली. आशाबाईला मिठाईच्या दुकानात खोके बांधायचं काम मिळालं. पारूबाईला मूलबाळ नव्हतं, नवरा वारलेला. तिचा भाऊ खुलताबादला नारळ-हार-पेढ्यांचं दुकान चालवायचा, ती त्याच्याकडं निघाली. जाताना तिनं अंगठ्यावर चढवायची रबरी टोपी तेवढी मागून घेतली. फर्मा सुटा करायला त्या टोपीशिवाय तिचं चालायचं नाही.

"तिथं फर्मे नाय की गं," सरूबाई म्हणाली.

"असू दे. बोटाला सवय हाय."

सरूबाई तिला बसस्टँडवर सोडायला गेली नाही. त्या दिवशी मशीन शिकवायला पुण्याचा माणूस आला होता. टेबल कापलं. अर्धं मशीनखाली चौरंगासारखं बसवलं, अर्ध्यावर पुस्तकांचे गठ्ठे बांधायचे.

मग सरूबाईचे दिवस असे जायला लागले. सकाळी आठला येऊन डिंक तापवायला लावायचा. तो वितळायला पाऊण तास. तेवढा वेळ स्टुलावर बसून राहायचं. खण भरायचे. एखाद्या खणातून दोन फर्मे आले किंवा एकही आला नाही की लाल दिवा लागायचा, तो बघायचा. तीनशे प्रती पहिल्या चहाला सुरू केल्या की जेवणाच्या आत बांधून तयार. विश्वजीत खूश होता आणि त्यानं खूश असायलाच हवं होतं. छापखाना तरला होता. वेळ वाचला होता. तो वाचलेला सगळा वेळ सरूबाईच्या वाट्याला आला आणि त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

पहिल्या महिन्यात ती कितीदा तरी म्हणाली, "अगं पारू, काल काय झालं..." मागं वळून बघायची खोड लागली. मागं भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं. जेवणाचा डबा ती मशीनच्या काचेसमोर उघडायची. पूर्वी चार डब्यांतली चार चवींची चटणी एका घासात असायची. आता स्वतःचीच चटणी, आणि ती स्वतःलाच अळणी लागायची. घरी नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी. एकटीला एक पिंप पुरायचं. शेजारणी पाण्यासाठी भांडायच्या, तिला भांडायलाही कारण नव्हतं. संध्याकाळी ती स्टेशनातल्या बाकावर जाऊन बसायची. पॅसेंजर यायची, माणसं उतरायची, पिशव्या सांभाळत निघून जायची. कुणी ओळखीचं उतरेल असं तिला वाटत नव्हतं. माणसं उतरताना बघायला बरं वाटायचं, इतकंच. एकटं राहायची तिला सवय होती असं सगळे म्हणायचे. तशी सवय कुणालाही नसते.

पण ती कुणाला दोष देत नव्हती. मशीन येणारच होतं, जमानाच तसा आहे, असं ती स्वतःला सांगायची आणि त्यावर तिचं भागत होतं.

सोळा सालच्या उन्हाळ्यात ते भागेनासं झालं. लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं तो उन्हाळा. जालन्याचे एक छापखानेवाले, नानासाहेब, मशीन बघायला आले. सरूबाई डिंकाचे दाणे ओतत होती. नानासाहेबांनी विचारलं, "आमचीबी कामं दोनशे-तीनशेचीच. एवढ्याला हे परवडतं का?"

विश्वजीतनं जुनी वही काढली. "आधी आपल्या टेबलाचा वेळ मोजा. आमच्या टेबलाला तीनशे प्रतींना दीड दिवस लागायचा, हे बघा, मी स्वतः घड्याळ लावून लिहिलंय. तात्या म्हणत होते एवढा वेळ लागत नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलं. दीड दिवस होता म्हणूनच हिशेब बसला. एका दिवसात होत असतं, तर मी हे घेतलंच नसतं. परवडलंच नसतं."

सरूबाईच्या हातातला डबा तसाच कलता राहिला. दाणे जमिनीवर सांडले. ती ते वेचायला खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

तर मशीन जमान्यानं आणलं नव्हतं. तिच्या पायांनी आणलं होतं. तात्यासाहेब का खोकले होते तेही तिला आता कळलं. आणि विचारायला ते राहिले नव्हते. मागच्या वर्षीच गेले.

त्यानंतर तीन आठवडे तिला अन्न गोड लागलं नाही. विश्वजीतला सांगून काय उपयोग? तो म्हणेल, जाऊ द्या मावशी. आशाबाई, गोजरबाई आपापल्या जागी रुळल्या होत्या. डोळ्यांसमोर यायची ती पारूबाई. तिनं विचारलं होतं, कामून गं? सरळ चालीची बाई. तिला म्हटलं होतं, तुला काय कळतं.

जून तोंडावर आला. शिकवण्यांच्या नोट्सचा हंगाम. विश्वजीत म्हणाला, "मावशी, तुमचा गुडघा दुखतो, हे मी बघतोय. चार महिने तुमच्या जोडीला कुणीतरी घेऊ. तुम्हीच सांगा कुणाला बोलवायचं."

"पारूबाईला," ती म्हणाली. विचार करावाच लागला नाही.

रविवारी दीपमालाच्या फोनची वाट न बघता ती खुलताबादच्या बसमध्ये बसली. दौलताबादच्या पुढं चढ लागला. डोंगर नुसते तपकिरी पडले होते, रस्त्याकडेच्या सीताफळीला पान नव्हतं. सगळ्या वाटेत तिच्या मनात एकच ओढाताण चालली होती. नुसतं बोलावणं सांगितलं तर पारू उद्याच येईल. पुन्हा मागून आवाज येईल, पुन्हा दोन डबे उघडतील. दुसरं कळवायची गरजच काय? कुणाला ठाऊक आहे? पण मग रोज तिच्यापुढं पाठ करून उभं राहायचं आणि ती पाठीशी विश्वासानं बोलत राहणार. सरूबाईला ते सहन होणार नाही, हे घाट चढेपर्यंत तिला कळलं.

पारूबाई भावाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या करत होती, पेढ्यांसाठी. अंगठ्यावर तीच रबरी टोपी. सरूबाईला बघून ती उठली, गळ्यात पडली, दोघी रडल्या, मग रडल्याबद्दल हसल्या. पारूबाईनं चहा केला. चहा घेताना सरूबाईनं एका दमात सगळं सांगितलं. वही, दीड दिवस, परवडलंच नसतं. एकही शब्द गाळला नाही.

पारूबाईनं कप खाली ठेवला आणि पुड्या करायला घेतल्या. हात असा चालला होता की घडी कधी पडते तेही दिसेना. दहा-बारा पुड्या झाल्या.

"माझा अंगठा तुझ्या टाचेला लागला होता त्या दिवशी," ती म्हणाली.

"व्हय. दोनदा."

"तिसऱ्या टायमाला लागाया आला, तवा म्हणलं हिला वलांडून फुडं व्हावं. एकदाचं."

"मंग कामून नाय झाली?"

"तुला वलांडून?" पारूबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. "येडी का काय तू?"

पुन्हा काही पुड्या झाल्या. सरूबाईला वाटलं, हिनं चार शिव्या द्याव्यात. पारूबाई म्हणाली, "बोलवणं आलंय म्हणतीस ना? येते मी. भाऊ नाय म्हणायचा नाय. पण एक हाय. आता मी फुडं चालणार. तू माझ्या मागं."

एवढी मोठी गोष्ट सांगून झाली होती आणि ही बारकी राहिलीच होती. "पारू, तिथं चालायचं नाय आता. टेबल कापलं. मशीनच जुळणी करतं."

"मंग जोडीला माणूस कशाला?"

"खण भरायचे. लाल दिवा लागला की बघायचं."

"आन् बोलायचं?"

"आवाज लई असतो. वरडून बोलावं लागतं."

पारूबाईनं थोडा विचार केला. रागानं नाही, भाजी घ्यावी की नको असा. मग म्हणाली, "मंग राहू दे सरू. हितं बाहेर माणसं येत्यात, बोलत्यात. तिथं दिवा बघून मी काय करू?"

रागावून नाही म्हणाली असती तर सरूबाईनं पाय धरले असते. पण पारू रागावलीच नव्हती. तिनं आणलेला बुंदीचा पुडा काढून ठेवला. पारूबाईनं तिला जेवू घातलं, भावाच्या दुकानातला नारळ दिला, आणि चारची गाडी सापडेल म्हणून स्टँडपर्यंत सोडायला निघाली.

गल्ली अरुंद होती, दोघी जोडीनं चालण्यासारखी नव्हती. वाट पारूबाईच्या पायाखालची, म्हणून ती पुढं झाली. आणि बावीस वर्षं जिच्याशी दिवसभर बोलली तिची पाठ सरूबाईनं पहिल्यांदा अशी निवांत बघितली. पातळ झालेली वेणी. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, हातावर फर्मे वागवून वागवून. आणि चाल. पारूबाई झपाझप चालली होती. वेशीच्या चढावरसुद्धा तिचा पाय कुठं अडखळत नव्हता, श्वास वाजत नव्हता. तिला घाईही नव्हती. ती तिची रोजची चाल होती.

सरूबाई मागं पडत चालली. तिचा गुडघा ठणकत होता, पण ती थांबली ती गुडघ्यासाठी नाही. त्या एका दिवसाचं ओझं घेऊन ती डोंगर चढून आली होती. तो एकच दिवस नव्हता. ही बाई पहिल्यापासून तिच्यापेक्षा चपळ होती. बावीस वर्षं, रोज, प्रत्येक फेरीला, ती सरूबाईच्या मागं आपले पाय आवरून चालली होती. तिनं कधी म्हटलं नाही, तू हळू आहेस. आणि सरूबाई समजत होती, सगळ्यांत पुढं आपण आहोत.

पदर डोळ्यांना लावून ती पुन्हा चालू लागली. पुढं वळणावर पारूबाईला मागची पावलं लांब गेलेली ऐकू आली असावीत. तिनं वळून पाहिलं नाही, हाकही मारली नाही. नुसते पाय जड टाकायला लागली.